महामौनेश्वराची टिटवी

एक कोडं घालते. एका आवाजात दुसरा आवाज मिळवला, तर काय होईल?

"मोठा आवाज होईल, त्यात काय!" असंच म्हणाल ना? खारवली बंदरातल्या निहारा शेट्येनेही हेच उत्तर दिलं असतं. अकरा वर्षांची मुलगी, गणितात बरी, बोलण्यात जास्तच बरी. पण त्या सकाळी तिच्या हातून कुकरचं झाकण फरशीवर पडलं आणि काहीच झालं नाही.

म्हणजे झाकण पडलं. गरगर फिरलं, टेबलाच्या पायावर आपटलं, आडवं झालं. पण ठण्ण नाही, खण्ण नाही. जणू ते झाकण नव्हतंच, कापसाची चकती होती.

एरवी एवढ्यावर आई ओरडते, "काय फोडलंस गं आता?" आज ओरडली नाही. निहाराने मागे वळून पाहिलं. आई हातभर अंतरावर उभी होती. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याची शीर फुगली होती. आई जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि निहाराला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

"आई!" निहारा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज मात्र तिला आला. गोधडीत तोंड खुपसून बोलावं तसा, दबका, डोक्याच्या आतून. हे तेवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

ती रस्त्यावर धावली. खारवलीतल्या बस विजेवर चालतात. त्या मुळातच मुक्या, म्हणून लोकांना कळावं यासाठी त्यांना गुणगुणणारा आवाज मुद्दाम बसवलेला असतो. आज तो नव्हता. बस अगदी पाठीशी येऊन थांबली तेव्हा तिच्या वाऱ्याने निहाराचे केस उडाले, तेवढंच कळलं. ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला होता. शेजारचा कुत्रा दात विचकून भुंकत होता, गुपचूप. एका अंगणात तान्हं बाळ लालबुंद होऊन रडत होतं आणि त्याची आई पाठमोरी बसून शांतपणे कपडे पिळत होती. निहाराने जाऊन तिची बाही ओढली, बोट दाखवलं. ती बाई वळली, आणि तिचा चेहरा पाहून निहाराला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

तेवढ्यात आवाज आला. एकच. प्रत्येकाच्या अगदी कानात.

"हाः हाः हाः हाः! खारवलीकरहो! मी... महामौनेश्वर!"

सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. धक्क्याच्या टोकाला कडा आहे, कड्यावर जुनं दीपगृह. त्याच्या सज्जात एक माणूस उभा होता. अंगावर काळा झगा, डोक्यावर शिंगं. झगा म्हणजे बंद पडलेल्या नाट्यगृहाचा मखमली पडदा होता आणि शिंगं म्हणजे जुन्या भोंग्यांचे तुकडे. माणूसही ओळखीचाच. मधुसूदन पेठकर, गावाचे हेडफोन आणि स्पीकर दुरुस्त करणारे.

"तुमचे आवाज मी गिळले आहेत! आजपासून या गावात आवाज एकच, माझा! हाः हाः हा... खॉक्, खॉक्." खोकला झाल्यावर ते जरा घुटमळले. "आणि माझ्या मुलीचा. टिटवीने हाक मारली, की जो असेल त्याने लगेच ओ द्यायची. म्हणजे तुमची ओ ऐकू येणार नाही. पण मान तरी डोलवा!"

एरवी अशा ध्यानाला लोक पोट धरून हसले असते. पण शेजारच्याचं हसणं आपल्याला ऐकू येत नसेल, तर हसू ओठांवरच वाळून जातं.

दोन-तीन दिवसांत गाव बदललं. तांडेल आजोबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. सून स्वयंपाकघरात होती, मधे एक भिंत. पण दुपारपर्यंत कुणालाच पत्ता नाही. धुक्यात दोन होड्या भोंगे वाजवत वाजवत एकमेकींवर आदळल्या. लोक पाठ भिंतीला लावून बसू लागले, कारण मागून काय येईल ते सांगता येत नव्हतं. जिल्ह्याहून साहेब आले, ते पूल ओलांडताच त्यांचेही कान गेले, आणि ते घाईने परत फिरले. मग फक्त निरोप आला : "वरिष्ठांशी चर्चा सुरू आहे."

सगळ्या गावात बिनधास्त होती ती एकटी कुमूआत्या.

डॉक्टर कुमुदिनी शेट्ये, निहाराची सख्खी आत्या, समुद्राच्या लाटांची शास्त्रज्ञ. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, खुणांच्या भाषेत, आणि निहारा चालायच्या आधी ती भाषा शिकली होती. निहारा खाडीकाठच्या प्रयोगशाळेत पोचली, तेव्हा आत्या चहा पीत होती.

"ये गं," आत्याचे हात म्हणाले. "सगळं गाव माझ्या भाषेत बोलायला लागलंय. पण काय भयंकर अशुद्ध! मघाशी पोस्टमन मला हातांनी म्हणाला, की तुमची म्हैस पत्र खाईल."

"आत्या, मला भीती वाटतेय," निहाराचे हात म्हणाले. "काल आई माझ्यामागून आली आणि मी किंचाळले. स्वतःच्या आईला बघून! हे आवाज गेले कुठे?"

आत्याने कप खाली ठेवला. मग तिने निहाराच्या कानामागे हळूच चिमटी नेली आणि काहीतरी पकडून भिंगाखाली ठेवलं.

चिलट. केळ्यांवर घोंघावतं तेवढं. पण भिंगातून पाहिलं तर त्याला पितळी पंख होते, एका टोकाला इवलासा कान आणि दुसऱ्या टोकाला इवलंसं तोंड.

"प्रत्येक कानाशी एक," आत्या म्हणाली. "मारलं तर लगेच दुसरं येतं. माझ्याही कानाशी एक आहे. बिचारं, फुकट राबतंय."

"ते आवाज खातं?"

"आवाज काय चकली आहे खायला? चल, दाखवते."

प्रयोगशाळेच्या मधोमध काचेची लांबलचक टाकी होती, त्यात पाणी. आत्याने एका कडेची फळी हलवायला सुरुवात केली. पाण्यात लाटा उठल्या आणि मधे तरंगणारं बूच टुणटुण नाचू लागलं.

"लाटेला काय काय असतं?"

"उंचवटा आणि खळगा. वर, खाली, वर, खाली."

"आवाजही लाटच. फक्त पाण्याऐवजी हवेची. टाळी वाजली की हवा आधी दाटते, मग विरळ होते. दाट, विरळ, दाट, विरळ, असं करत तुझ्या कानाच्या पडद्याला जाऊन ढकलते. आता बघ." आत्याने पहिल्या फळीशेजारची दुसरी फळी सुरू केली. मात्र उलट तालात. पहिली पुढे गेली की दुसरी मागे.

निहाराला वाटलं, आता बूच टाकीबाहेर उडणार. पण बूच थांबलं. दोन्ही फळ्या हलत होत्या, आणि मधलं बूच ताटातल्या लिंबासारखं गप्प बसलं होतं.

"एकीचा उंचवटा आला, त्याच क्षणी तिथे दुसरीचा खळगा आला," आत्या म्हणाली. "मातीचा ढीग खड्ड्यात लोटला की काय उरतं?"

"सपाट जमीन!"

"रस्ता करणाऱ्यांना हे अजून सापडलेलं नाही, पण पेठकरांना सापडलं. याला म्हणतात विनाशी व्यतिकरण (एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडून दोन्ही सपाट होणं). चिलट आधी आवाज ऐकतं. मग बरोब्बर त्याच्या उलटा आवाज तुझ्या कानात सोडतं. आवाज अधिक आवाज..."

"बरोबर शांतता," निहाराने खूण पूर्ण केली. म्हणजे आपल्या कानाजवळ सतत कुणीतरी ओरडत होतं, आणि तेच आपल्याला ऐकू येत नव्हतं!

"मग लाट मरते?"

"लाटा अशा मरत नाहीत गं. हे बघ." आत्याने बूच बोटाने टाकीच्या कडेला सारलं. तिथे ते आधीच्या दुप्पट उड्या मारू लागलं. "इथे उंचवट्यावर उंचवटा येतोय. एका जागी शांत केलं, की दुसऱ्या जागी जास्त खवळतं. म्हणून तर त्याला कानागणिक एक चिलट लागलं. सगळा समुद्र एकदम शांत करणारी फळी अजून कुणी बनवलेली नाही."

"पण माझा आवाज मला येतो. गोधडीतून आल्यासारखा."

आत्याचे डोळे चमकले. "कारण तो हवेतून येत नाही. गळ्यातून, जबड्यातून, कवटीतून थेट कानाच्या आत जातो. अस्थिवहन (हाडांमधून थरथर पोचणं). चिलटाचा धंदा फक्त हवेत. दगड, लोखंड, हाड यांच्यातून जे जातं, ते त्याच्या बापालाही अडवता येत नाही. मी अशीच तर ऐकते." तिने तळहात टाकीच्या काचेवर टेकवला. "हाताने."

आणि तेव्हाच निहाराच्या कानात पुन्हा तो आवाज आला. पण या वेळी हाः हाः नव्हतं.

"टिटवी? अगं टिटवी, कुठे आहेस? पुरे झाला लपाछपीचा खेळ."

मग थोड्या वेळाने, "टिटवी! जेवायचंय ना? चमचा पण घेऊन गेलीस होय गं?"

आणि मग, "खारवलीकरहो... माझी मुलगी कुणी पाहिलीत का? पाच वर्षांची आहे. निळा फ्रॉक..."

निहाराने आत्याला हातांनी सगळं सांगितलं. आत्याने भिंतीवरचा भरतीचा तक्ता पाहिला, आणि तिचा हसरा चेहरा विझला. "भरती लागलीय. आज उधाण आहे. दीपगृहाखालचा कडा म्हणजे चाळण आहे, नुसत्या कपारी. संध्याकाळच्या आत सगळ्या बुडतात. छतापर्यंत."

दोघी धावत सुटल्या.

धक्क्यावर गाव जमलं होतं. पेठकर दीपगृहातून खाली आले होते. शिंगं वाकडी झालेली, झगा चिखलात लोळत होता. ते एकेकाला विचारत होते, "पाहिलीत का? सांगा ना!" आणि लोक सांगत होते! कुणी रागाने, कुणी कळवळून, सगळे एकदम बोलत होते. कुणी इकडे बोट दाखवत होतं, कुणी तिकडे. पण त्यातलं पेठकरांनाही काही ऐकू येत नव्हतं. आपला आणि टिटवीचा सोडून सगळ्यांचे आवाज त्यांनीच तर पुसले होते.

त्यांचा आवाजही आता कसातरीच येत होता. मधेमधे तुटत होता. "टिट... ये ना... बाबा रागाव... नाही..." शब्द उंदराने कुरतडल्यासारखे.

निहाराने गळ्यातली पाटी काढली. शाळेची पडद्याची पाटी, बोटाने लिहायची. तिने लिहिलं : ती हाक मारत असेल. तिचा आवाज तर चालतो ना?

पेठकरांनी वाचलं आणि ते मटकन खाली बसले. "तेच तर! तिचा आवाज चिलटांना मीच शिकवलाय, माझ्यासारखाच. शिकवलेला आवाज ती पुसत नाहीत, कानोकानी पोचवतात. बोलणं, गाणं, हसणं, सगळं ध्वनिमुद्रित करून. ती जिथे असेल तिथून साधं कुजबुजली, तरी मला ऐकू आलं असतं. काहीच येत नाही. म्हणजे ती... हाक मारायला ती आता..."

पुढचे शब्द नाहीसे झाले. ओठ हलत राहिले, गालांवरून पाणी ओघळत राहिलं, आवाज नाही. निहारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुढचं वाक्य पुन्हा ऐकू आलं, हुंदका आला की पुन्हा गेलं. आलं, गेलं. 

तिने घाईघाईने लिहिलं : काका, तिचं रडणं शिकवलंत का?

पेठकरांनी ते वाचलं.

"नाही," ते म्हणाले. "ती रडायला लागली की मी यंत्र बंद करायचो. मला... मला ते ऐकवत नसे."

टिटवी कदाचित केव्हाची रडत होती. मोठ्यांदा, घसा फोडून. आणि गावातली सगळी चिलटं इमानेइतबारे तिचं रडणं पुसत होती. शिवाय आत्याने आत्ताच तर दाखवलं होतं, जितका मोठा उंचवटा तितकाच खोल खळगा. जितकं जास्त रडेल, तितकं जास्त पुसलं जाईल.

कुमूआत्या तिथे नव्हतीच. ती कड्याच्या पायथ्याशी गेली होती. कोळंबीच्या बंद पडलेल्या तळ्यांना खारं पाणी नेणारी एक जुनी लोखंडी नळी त्या कड्याखालून, सगळ्या कपारींसमोरून जाते. आत्याने दोन्ही तळहात तिच्यावर ठेवले होते. तिने मान वर केली आणि पेठकरांना हाताने बोलावलं. त्यांची मान धरून वाकवली आणि दातांकडे बोट दाखवलं. चाव!

महामौनेश्वराने गंजकी नळी दातांत धरली.

ठक. ठक. ठकाठक.

"चमचा!" पेठकर किंचाळले. "जेवताना ताटावर वाजवते, अगदी अस्संच! मी रोज ओरडतो तिला, टिटवी, चमचा ठेव! जिवंत आहे! पण कुठे? नळी तर एवढी लांब..."

आत्याने त्यांचे ओठ वाचून नकारार्थी मान हलवली. ठोका लोखंडातून पळतो, पण कुठून पळाला ते सांगत नाही. कपारी वीस तरी असतील. पाणी पहिल्या कपारींच्या उंबऱ्याशी आलं होतं.

निहाराने लिहिलं : चिलटं बंद करा. मग रडणं ऐकू येईल.

पेठकरांनी पाटी बाजूला सारली. "बंद होत नाहीत. विझतात. एकदा विझली की कायमची. कुणी चोरू नयेत म्हणून मीच तशी बनवली." त्यांनी गावाकडे पाहिलं. "तुला माहीत नाही, मुली. ती चार महिन्यांची होती. मिरवणूक आमच्या दारात थांबली, डीजेची भिंत घेऊन. घराच्या काचा थरथरत होत्या. मी खाली उतरून हात जोडले, जरा हळू करा, लहान मूल आहे. सगळे हसले. म्हणाले, काका, नाचा! वर गेलो तर ती रडून रडून निळी पडली होती. आतल्या खोलीत होती, आणि मला... मला तिचं रडणं ऐकूच आलं नव्हतं. चिलटं विझली, की पुन्हा तेच भोंगे येतील ना!"

निहाराला त्यांची दया आली आणि रागही आला. तिने पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की बोट दुखलं : तेव्हा डीजेमुळे ऐकू आलं नाही. आज तुमच्या शांततेमुळे. फरक काय?

लाट येऊन त्यांच्या पावलांवर फुटली. आवाज न करता.

पेठकर उठले. त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे केले आणि तोंड उघडलं. ओठांनी शब्द केला, विझा!

काही झालं नाही.

पुन्हा, विझा! गळ्याची शीर फुगली. त्या सकाळी आईची फुगली होती, अगदी तशी. आवाज नाही. निहाराला समजलं. चिलटं हुकूम ऐकतात तो फक्त महामौनेश्वराच्या आवाजात. आणि हा महामौनेश्वर नव्हता. हा रडणारा बाबा होता. त्याचा आवाज त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. तेही रडणंच, पुसून टाकायचं.

पाणी आता दुसऱ्या रांगेतल्या कपारींत शिरत होतं. निहाराने पुन्हा नळीला दात लावले. ठक... ठक... ठोके विरळ होत चालले होते. चमच्याचा हात दमला होता.

तिने पाटीवर एकच शब्द लिहिला आणि पेठकरांच्या डोळ्यांसमोर धरला : हसा.

त्यांना कळेना. तिने स्वतः झग्याचं टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं, वाकडी शिंगं सरळ केली, कमरेवर हात ठेवून छाती पुढे काढली आणि दाखवलं. तसं! दुष्टासारखं!

मग खारवलीने जे पाहिलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याने दोन वेळा श्वास घेतला, हुंदका दातांखाली दाबला, हनुवटी वर केली, आणि आयुष्यात हसला नसेल इतक्या दुष्टपणे हसला.

"हाः हाः हाः हाः! मी... महामौनेश्वर! माझ्या चिलटांनो, विझा!"

आकाशातून काळे तीळ सांडावेत तशी चिलटं सांडली. लोकांच्या केसांत, खांद्यांवर, पाण्यावर.

सगळ्यात आधी आला तो समुद्र. धाडकन. मग वारा. मग कुत्रा, कावळे, आणि मग गाव! एकच जल्लोष. घंटा वाजल्या, होड्यांचे भोंगे वाजले, माणसं उगाचच ओरडत सुटली, "ए! ऐकू येतंय! ए!" आणि गावचा डीजेवाला विक्या, त्याला तर राहवेना. त्याने भिंतीएवढे स्पीकर सुरू केले.

"गप्प बसा!" निहारा ओरडली. "ती रडतेय! ऐकू द्या!" पण आता उलटंच झालं होतं. इतक्या आवाजात तिचा आवाज कुठेच नव्हता.

तेव्हा पेठकरांनी डोक्यावरची शिंगं काढली, पाण्यात टाकली आणि गावासमोर हात जोडले. बोलले काहीच नाहीत. कुमूआत्या उलट्या होडीवर चढली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. ती खूण तर जगात सगळ्यांनाच येते.

पुढच्यांनी पाहिलं. ते गप्प झाले. त्यांनी मागच्यांना कोपराने ढोसलं. गप्प राहणं हळूहळू मागे सरकत गेलं, भरती ओसरावी तसं. होड्यांची इंजिनं थांबली. देवळात कुणीतरी हलती घंटा हाताने धरली. सगळ्यात शेवटी विक्या. तो पेठकरांच्या जोडलेल्या हातांकडे बघत होता. हे हात त्याने आधी एकदा पाहिले होते. त्याने मान खाली घातली, वाकून वायर उपटली.

शांतता झाली. पण ही वेगळी होती. हिच्यात समुद्र होता, शेजाऱ्याचा श्वास होता. ही कुणी चोरलेली नव्हती, सगळ्यांनी मिळून दिलेली होती.

आणि तिच्यात, अगदी बारीक, "बाबाऽऽ..."

"नळीच्या वळणापलीकडे!" निहारा ओरडली. "उजवीकडची!"

पेठकर केव्हाच पाण्यात होते. भिजलेला झगा त्यांना खाली ओढू लागला, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला. विक्याने मागोमाग उडी मारली. कपारीच्या तोंडाशी आता फक्त डोकं जाईल एवढी फट उरली होती. दोघे आत गेले. एक लाट आली आणि फट बुजली. लाट मागे गेली, फट दिसली, रिकामी. दुसरी लाट आली. निहाराने आत्याचा हात इतका घट्ट धरला, की आत्याला बोलता येईना.

मग पाण्यातून आधी एक चमचा वर आला. तो धरलेला हात आला. मग बाबांच्या मानेला मिठी मारलेली, निळी पडलेली, घसा फाटेपर्यंत रडणारी टिटवी.

"रड," पेठकर तिला म्हणत होते. "रड बाळा, आणखी मोठ्यांदा रड."

घोंगडीत गुंडाळल्यावर ती थोडी शांत झाली. निहाराने विचारलं, "तिथे कशाला गेली होतीस गं?"

"कपारीतल्या मुलीशी बोलायला," टिटवी म्हणाली. "मी हाक मारली तर गावात कुणीच ओ देत नाही. नुसती मान हलवतात. ती कपारीतली मुलगी देते."

कपारीतली मुलगी म्हणजे तिचाच प्रतिध्वनी (कड्यावर आपटून परत आलेला आपलाच आवाज). पेठकरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती, तांडेल आजोबांचा पाय अजून दुखतो. पेठकरांनी आता गावातल्या प्रत्येकाची श्रवणयंत्रं फुकट दुरुस्त करायची आहेत. आणि कुमूआत्याच्या प्रयोगशाळेत, तिच्या कडक नजरेखाली, नवी चिलटं बनवायची आहेत. अगदी थोडी. बोलावल्याशिवाय कुणाच्याही कानाशी न जाणारी. रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांची खोली असते. तिथल्या पंख्यांची, पंपांची अखंड घरघर पुसायची, म्हणजे बाळांना झोप लागेल. पण धोक्याची घंटा आणि रडणं पुसायचं नाही.

म्हणून चिलटांना पहिला धडा रडण्याचाच. भुकेचं रडणं, भीतीचं, हट्टाचं, खोटंखोटं. ते गोळा करायचं काम निहाराकडे आहे आणि ती घरोघरी हिंडते. "तुमचं बाळ रडलं की मला बोलवा हं!" लोक म्हणतात, ही मुलगी वेडी आहे. मोठ्या माणसांचंही रडणं हवंय म्हणते, पण तिथे अजून फक्त दोन नमुने मिळालेत. एक पेठकरांचा. दुसरा विक्याचा, तो त्याने स्वतःहून आणून दिला.

डीजेची भिंत आता धक्क्याच्या पलीकडे, वस्तीपासून लांब लागते, आणि आवाजाची कळ आळीपाळीने गावातल्या तान्ह्या बाळांच्या आया सांभाळतात. अजून भांडणं होतात. पण ती निदान ऐकू येतात.

संध्याकाळी टिटवी दीपगृहाच्या सज्जात येते, कठड्यावर चमचा वाजवते आणि हाक मारते, "ए खारवलीऽऽ!"

होड्यांवरून, ओट्यांवरून, बसच्या खिडक्यांतून सगळं गाव एकदम ओरडतं, "ओऽऽ!"

एका आवाजात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, सगळे एकाच वेळी वर. प्रयोगशाळेत कुमूआत्या काचेच्या टाकीवर हात ठेवून उभी असते. पाणी थरथरलं की तीही हात वर करते आणि आपल्या भाषेत ओ देते.